फिल्म काळीच असते

लग्नपत्रिकेवर मरून अक्षरं, हिरवी वेल आणि सोनेरी गणपती असे तीन रंग असले की स्क्रीन छापणाऱ्याच्या टेबलावर तीन फिल्म येतात. तालुक्याच्या गावात ही फिल्म म्हणजे बहुतेक वेळा लेझर प्रिंटरमधून काढलेला बटर पेपर असतो. या फिल्म उजेडावर धरून पाहा. मरूनची फिल्म काळी, हिरव्याची काळी, सोनेरीचीही काळीच. कोपऱ्यात पेन्सिलीने रंगाचं नाव लिहिलेलं नसेल, तर कोणती फिल्म कशाची हे आकृतीवरून ओळखावं लागतं.

हा काळेपणा कशासाठी, ते आधी पाहू. चौकटीवर ताणलेल्या पॉलिस्टरच्या जाळीला प्रकाशाने घट्ट होणारं द्रावण पिवळ्या दिव्यात फासतात आणि वाळवतात. त्याला फिल्म चिकटवून फिल्मच्या बाजूने उजेड देतात. जिथे उजेड पोचतो तिथलं द्रावण पक्कं होतं, जिथे काळी शाई आडवी येते तिथलं कच्चं राहतं आणि पाण्याच्या फवाऱ्याने निघून जातं. जाळीची तेवढीच भोकं उघडी राहतात. मग चौकटीत रंग ओतायचा आणि रबराच्या पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, ओढायचा. संगणकावर तासभर बसून निवडलेल्या छटेतलं या प्रवासात काहीही पुढे जात नाही. फाइलमधून जाळीपर्यंत पोचतो तो आकार. रंग येतो डब्यातून.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्यात डिझाइनचं काम करू लागलो तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. फाइल नीट केली म्हणजे रंग नीट येणार अशी माझी समजूत होती. ती मोडली प्लास्टिकबंदीनंतरच्या पहिल्या शिवजयंतीला. २३ मार्च २०१८ला राज्याची प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली आणि आमच्याकडे कापडी पिशव्यांची कामं वाढली. एका मंडळाने मांजरपाटाच्या ३०० पिशव्या सांगितल्या, वर भगव्या रंगात बोधचिन्ह. आम्ही २०० छापून दिल्या. दहाएक दिवसांनी उरलेल्या १०० दिल्या. कार्यकर्ता दोन्ही गठ्ठ्यांतली एकेक पिशवी घेऊन परत आला आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवून म्हणाला, “भाऊ, हे त नारिंगी होय. आमाले भगवा पायजे.”

तो बरोबर होता. फाइल तीच होती, छापणारा तोच होता, तरी दुसरा गठ्ठा पिवळ्याकडे झुकला होता. चूक कुठे झाली ते शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. ती एका जागी नव्हतीच. थोडी फाइलमध्ये होती, थोडी कापडात, थोडी डब्यात आणि बरीचशी ट्यूबलाइटमध्ये.

फाइलपासून सुरुवात करतो, कारण ती माझी होती. मंडळाचं बोधचिन्ह व्हॉट्सॲपवर आलं होतं. असं चित्र जेपेग होऊन येतं. आपला डोळा उजेडातला फरक बारकाईने टिपतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून जेपेग करताना रंगाची माहिती सहसा उजेडाच्या निम्म्या बारकाईने साठवली जाते. परिणाम कडांवर दिसतो. सपाट भगवा जिथे पांढऱ्याला भिडतो तिथे फिकट, मळकट, गुलाबीसर ठिपक्यांची झालर तयार होते. मी ते चित्र कोरलड्रॉमध्ये घेऊन आपोआप रेषाचित्र करून टाकलं. पडद्यावर ते स्वच्छ दिसत होतं. नंतर एकेक तुकडा निवडून रंगांचे आकडे पाहिले, तर त्या एका बोधचिन्हात अकरा भगवे निघाले.

याचा छपाईत काय तोटा होतो? आमच्याकडची रीत अशी की एका रंगाचे सगळे भाग निवडायचे, काळे करायचे आणि वेगळ्या पानावर ठेवून फिल्म काढायची. ‘याच रंगाचं सगळं निवड’ म्हटल्यावर प्रोग्राम आकडे जुळवतो, आपल्यासारखं नजरेने पाहत नाही. अकरांपैकी एकच भगवा निवडला जातो. बाकीचे दहा हाताने शोधून काढावे लागतात, आणि एखादा राहिला की बोधचिन्हातल्या तलवारीच्या मुठीवर भोक पडतं. दुसऱ्यांदा फिल्म काढताना मी तसाच एक तुकडा विसरलो होतो. तो अर्धवट करड्या ठिपक्यांत उतरला, म्हणून तिथून रंग कमी गेला आणि ती जागा फिकी दिसली.

म्हणून आता कुठलंही काम हातात आलं की पहिला अर्धा तास रंग मोजण्यात जातो. फाइलमध्ये प्रत्यक्षात किती रंग आहेत आणि छापायचे किती आहेत, हे दोन आकडे जुळेपर्यंत मी पुढे जात नाही. कोरलमध्ये त्या दस्तऐवजापुरती एक रंगपट्टी असते. ती रिकामी करून तिच्यात मोजके रंग घालायचे, त्यांना स्पॉट रंग करायचं आणि प्रत्येकाला नाव द्यायचं. ‘ऑरेंज’ हे नाव चालत नाही. ‘मंडळ भगवा १’ चालतं, कारण पुढच्या वर्षी त्याच नावाने डबा शोधता येतो. चित्रातला प्रत्येक भगवा तुकडा त्या एका नावाला बांधला गेला की अकराचा एक होतो.

स्पॉट का, तेही सांगतो. संगणकात साधा भगवा भरला आणि तो किरमिजी ६०, पिवळा १०० असा असला, तर रंग वेगळे करताना प्रोग्राम दोन फिल्म काढून देतो: एक सलग पिवळ्याची, एक किरमिजी ठिपक्यांची. ऑफसेट छपाईला हे योग्यच आहे. तिथे चार शाया ठिपक्यांनी एकमेकींशेजारी, एकमेकींवर बसतात आणि डोळ्यात रंग मिसळतो. कापडावर जाळीतून छापताना मात्र ठिपका पसरतो. फाइलमधला ५० टक्क्यांचा ठिपका कापडावर ७० टक्क्यांच्या घरात जाऊ शकतो, आणि तो किती पसरेल हे पट्टी ओढणाऱ्या हाताच्या दाबावर ठरतं. सकाळचा हात आणि संध्याकाळचा दमलेला हात वेगळा असतो, म्हणून ठिपक्यांनी बनवलेला भगवा दिवसभरात सरकत जातो. एकाच डब्यातला सलग भगवा एवढा सरकत नाही. म्हणूनच स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जितके रंग तितके डबे ही पद्धत अजून टिकून आहे.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. राजा रविवर्म्यांनी १८९४मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं शिळाछापाने निघत. रंगागणिक वेगळा दगड. लक्ष्मीच्या साडीचा लाल कुठल्या दगडावर किती चढवायचा, हे मूळ तैलचित्रासमोर बसून कारागीर ठरवत असे. दगडावरच्या रेघेला स्वतःचा रंग नसे, आमच्या बटर पेपरसारखाच. चित्रातली लक्ष्मी घरोघरी सारखी दिसावी, याची जबाबदारी शाई घोटणाऱ्यावर होती.

काळ्या रंगाचा एक घोटाळा इथेच सांगून टाकतो, कारण तो जवळजवळ प्रत्येक नवा मुलगा करतो. पडद्यासाठीचा काळा, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही शून्य, रंग वेगळे करताना चारही शायांच्या फिल्मवर थोडाथोडा पडतो. छापायला हवा तो फक्त काळ्या शाईचा १०० टक्के. पत्रिकेतला मजकूर पडद्यावर काळाच दिसत असतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. फिल्म हातात आली की कळतं. जुळणीच्या खुणांचं उलट आहे. त्या प्रत्येक फिल्मवर यायलाच हव्यात, म्हणून त्यांना ‘रजिस्ट्रेशन’ नावाचा खास रंग द्यायचा.

आता गिऱ्हाईक आणि आपण यांच्यात रंगाचं बोलणं कसं होतं ते पाहू. भगवा, केशरी, शेंदरी, नारिंगी, गेरू, नवख्या माणसाला हे सगळं एकच वाटेल. आपल्याकडे हे पाच वेगळे रंग आहेत आणि प्रत्येकाचं ठिकाण वेगळं आहे. शेंदरी मारुतीचा, गेरू तुळशीवृंदावनाचा, केशरी तिरंग्यातला. दारव्ह्यासारख्या गावात वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत रंगांची रांगच लागते. १५ फेब्रुवारीला सेवालाल महाराजांच्या जयंतीचा पांढरा झेंडा, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीचा भगवा, १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीचा निळा, ३१ मेला अहिल्यादेवींच्या जयंतीचा पिवळा. या कामांत छटा सरकली तर नुकसान फक्त नजरेचं होत नाही. निळा जांभळ्याकडे गेला, तर ज्याने तो झेंडा खांद्यावर घेऊन चालायचं ठरवलंय त्याला तो आपला वाटत नाही. या कामात मला सगळ्यात जास्त जबाबदारी वाटते ती याच ठिकाणी.

आणि हा निळा, हा भगवा लोक दाखवतात कसा? मोबाइलवर. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो, कापड फक्त परत फेकतं. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी कुठल्याही रंगाने मांजरपाटावर येणार नाही. त्यातही एका फोनचा पडदा भडक असतो, दुसऱ्यात रात्रीसाठी पिवळट केलेला उजेड चालू राहिलेला असतो. संगणकावर अनेक जण तिरंग्याचा केशरी २५५-१५३-५१ असा भरतात. तो आकडा तीन बारीक दिव्यांना किती पेटायचं ते सांगतो, डब्यात काय घालायचं ते सांगत नाही.

हीच अडचण जगभरच्या छापणाऱ्यांना होती. अमेरिकेत लॉरेन्स हर्बर्ट यांनी १९६३मध्ये पॅन्टोनची रंगक्रमांकाची पद्धत काढली, तेव्हा तिचं बळ एका साध्या गोष्टीत होतं. प्रत्येक क्रमांकाबरोबर शाईची कृती होती, अमुक मूळ रंग इतके भाग, तमुक इतके. क्रमांकामागे ‘सी’ असेल तर चकचकीत कागदावरचा नमुना, ‘यू’ असेल तर साध्या कागदावरचा. शाई तीच असते, तरी दोन कागदांवर रंग वेगळा दिसतो, हे त्या पंख्यासारख्या पुस्तकातच कबूल केलेलं आहे. तो पंखा महाग असतो आणि त्यात मांजरपाट नसतं. आम्ही आमचाच पंखा केला. मांजरपाटाच्या पट्ट्या कापल्या, प्रत्येकीवर एकेक मिश्रण छापलं, मागे वजनं लिहिली आणि कोपऱ्यात भोक पाडून दोऱ्यात ओवल्या.

मांजरपाटाबद्दल थोडं जास्त बोललं पाहिजे, कारण इथे आम्ही फसलो होतो. मांजरपाट म्हणजे ब्लीच न केलेलं, कोरं कापड. त्याला कापसाचा स्वतःचा पिवळसर रंग असतो आणि तो तागा बदलला की बदलतो. कापडाचे पारदर्शक रंग काचेसारखे वागतात. उजेड रंगातून आत जातो, कापडावर आपटतो आणि रंगातूनच परत येतो. म्हणून निळा मांजरपाटावर किंचित हिरवट होतो, गुलाबी विटकरीकडे जातो आणि भगवा पिवळा होतो. आमच्या दुसऱ्या गठ्ठ्याचा तागा पहिल्यापेक्षा पिवळा होता. दोन्ही तागे पांढऱ्या कागदावर ठेवून पाहिले तेव्हा दिसलं, एरवी दिसलं नसतं. गडद टी-शर्टवर आधी अपारदर्शक पांढऱ्याचा थर देतात तो यासाठीच. त्याची वेगळी फिल्म लागते आणि ती केसभर आत घ्यायची, म्हणजे भगव्याच्या कडेने पांढरी रेघ डोकावत नाही.

जाळीचंही असंच आहे. ४३ नंबरची जाळी म्हणजे सेंटिमीटरला ४३ धागे, १२० नंबरची म्हणजे १२०. नंबर कमी, म्हणजे जाळी जाड, तर भोकं मोठी आणि रंगाचा थर जाड, आणि पारदर्शक रंगाचा थर जाड झाला की छटा गडद होते. पट्टीचं रबर मऊ असेल तरी रंग जास्त पडतो. त्यामुळे फाइलच्या एका कोपऱ्यात, छापायच्या भागाबाहेर, मी आता जाळीचा नंबरही लिहितो. तो फिल्मवर येतो आणि कामाबरोबर राहतो. फाइलमध्ये आणखी एक गोष्ट सांभाळायची. बारीक अक्षरातला लाल आणि सलग ठोकळ्यातला लाल एकाच डब्यातला असला तरी बारीक अक्षरात तो फिका, मेलेला दिसतो, कारण अरुंद रेघेत डोळ्याला रंग पुरेसा मिळत नाही. पत्रिकेतल्या ‘आपले नम्र’च्या ओळी म्हणूनच मी थोड्या जाड अक्षरात घेतो.

डब्याकडे येतो. आम्ही रंग नजरेने मिसळत होतो. पिगमेंटचा एक जादा थेंब पडला तर किलोभर पेस्टमध्ये कळत नाही, पण पाव किलोत कळतो, आणि दुसरा गठ्ठा लहान असल्यामुळे आम्ही पाव किलोच केला होता. ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा आता दुकानात आहे. आधी पेस्ट तोलायची, मग पिवळा, मग लाल, शेवटी कणभर निळा. प्रत्येक वेळी काटा शून्यावर आणायचा आणि आकडा वहीत लिहायचा. उन्हाळ्यात वैदर्भीय दुपार चाळिशीपार जाते तेव्हा पाण्याचा रंग डब्यातच घट्ट होत जातो. पाणी सुकतं, पिगमेंट उरतं आणि शंभराव्या पिशवीचा भगवा पहिलीपेक्षा गडद होतो. झाकण ठेवायचं, थोडा थोडा रंगच चौकटीत घ्यायचा आणि दर पंचवीस पिशव्यांनी पहिल्या पिशवीशेजारी ठेवून पाहायचं. पाहताना ओल्याची तुलना वाळलेल्याशी करायची नाही. ओला रंग खोल दिसतो, वाळल्यावर उतरतो.

राहिला उजेड. दुसरा गठ्ठा आम्ही रात्री छापला होता. ट्यूबच्या उजेडात दोन भगवे सारखे दिसू शकतात आणि उन्हात वेगळे, कारण उजेडात कुठल्या लांबीच्या लहरी किती आहेत हे प्रत्येक दिव्याचं वेगळं असतं. दोन मिश्रणं वेगवेगळ्या पिगमेंटची असली की एका दिव्याखाली ती एकमेकांना झाकून घेतात. आम्ही रात्री लाल कमी पडल्यावर दुसऱ्या कंपनीचा लाल घातला होता. ट्यूबखाली तो जुळला, मिरवणुकीच्या उन्हात उघडा पडला. शेजारच्या रंगाचाही परिणाम असतो. फ्रान्समध्ये गोबेलँच्या विणकामाच्या कारखान्यात काळ्या धाग्याबद्दल तक्रारी येत. तिथल्या रंगखात्याचे प्रमुख शेव्रेल यांनी तपासलं, तेव्हा धाग्याचा काळा चांगलाच निघाला. शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो मंद दिसत होता. त्यांचं पुस्तक १८३९चं आहे, पण आमच्या दुकानातली हिरवी भिंत मी त्या तक्रारीमुळेच पांढरी करून घेतली.

सारखेपणाची याहून कडक कसोटी आपल्या जवळच आहे. दारव्ह्याहून दिग्रस, पुसद, उमरखेड ओलांडून पुढे गेलं की नांदेड लागतं. तिथली मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते. ध्वजाच्या भारतीय मानकाला आयएस १ असा क्रमांक आहे आणि त्यात रंगांची नावं देऊन काम भागवलेलं नाही. केशरी म्हणजे ०.५३८ आणि ०.३६०, चमक २१.५. हिरवा म्हणजे ०.२८८ आणि ०.३९५, चमक ८.९. हे १९३१ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय पद्धतीचे आकडे आहेत. पहिले दोन आकडे रंग नकाशावर नेमका कुठे बसतो ते सांगतात, तिसरा तो किती उजळ ते. आणि हे मोजायचं कुठल्या उजेडात तेही ठरलेलं आहे. त्या उजेडाला ‘सी’ म्हणतात, साधारण दिवसाच्या उजेडाचं ते प्रमाण रूप. म्हणजे मानकानेसुद्धा रंगाबरोबर उजेड बांधून दिला आहे. त्याच ध्वजावर २४ आऱ्यांचं अशोकचक्र दोन्ही बाजूंनी दिसावं लागतं. ते छापायचं असेल तर मागचं चक्र पुढच्या चक्रावर असं बसलं पाहिजे की आरी आरीवर येईल.

आमच्याकडे रंग मोजायचं यंत्र नाही. दुकानाला उत्तरेकडे ओटा आहे. तिथे ऊन थेट येत नाही, सकाळी दहाच्या सुमाराला उजेड स्थिर असतो. रंगाचा निर्णय आता तिथेच होतो, ट्यूबखाली कधीच नाही.

त्या मंडळाच्या १०० पिशव्या आम्ही पुन्हा छापल्या. या वेळी पहिल्या गठ्ठ्यातली एक पिशवी ओट्यावर ठेवून, जवळ जाणारा तागा शोधून, लाल आधीच्याच कंपनीचा घेऊन. जुळल्यावर मांजरपाटाचा एक छापलेला तुकडा कापून दोन केले. एकावर कार्यकर्त्याची सही घेऊन तो लिफाफ्यात घालून खणात ठेवला, मागे वजनं आणि जाळीचा नंबर लिहून. दुसरा त्याला दिला.

पुढच्या वर्षी जानेवारीत तो आपला तुकडा घेऊन आला. वर्षभर मंडळाच्या खिडकीशी टाचलेला होता, उन्हाने उतरून बदामी झाला होता. मी खणातला काढला. तो दोन्ही घेऊन ओट्यावर गेला, उजेडाकडे पाठ करून उभा राहिला आणि बराच वेळ पाहत राहिला. मग खणातला तुकडा माझ्यापुढे धरून म्हणाला, “हाच.” मी त्यामागचे आकडे वाचले आणि काटा शून्यावर आणला.